एदुरु म्हणजे समोर

सर, तुमची सून परवा माझ्याकडे आली होती. बिदरच्या दुपारच्या उन्हात, बसस्टँडपासून चालत, खांद्याला तुमची ती काळी रेग्झिनची पिशवी. मी आधी पिशवी ओळखली, मग तिला. याच पिशवीतून तुम्ही काचेची कांडी काढायचात, बायकोचा जुना कंगवा काढायचात, आणि वह्या तपासायची वेळ आली की लाल पेन. शाळेच्या प्रयोगशाळेला तुमचं नाव द्यायचं ठरलंय. स्मरणिका निघायलीय, तिच्यात एक पान मी लिहायचं आहे, कारण शाळेतून निघालेल्यांपैकी लिहिणारी मी एकटीच. बाकीचे कामाधंद्याला लागले. समितीच्या माणसानं फोनवर बजावून सांगितलं, "मॅडम, जरा गोड लिवा. तुमचं पेपरमधलं आम्ही वाचतो, म्हणून सांगायलो." सुनेनं पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "अक्का, अप्पांचे कागद हायत. मी हळ्ळीखेडची, मला मराठी बोलाया येतंय, वाचाया न्हाई. मालकांना वाचाया येतंय, वेळ न्हाई. तुमीच बघा." पाणी प्यायली, चहा नको म्हणाली, आणि जाता जाता एक वाक्य बोलून गेली. ते वाक्य मी शेवटी सांगते, कारण अजून ते मला नीट गिळता आलेलं नाही.

तुम्हाला आठवतं का माहीत नाही, पण नववीच्या वर्गात तुम्ही पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं होतं, सजातीय प्रभारांत प्रतिकर्षण, विजातीय प्रभारांत आकर्षण. वाचून मागच्या बाकावरून हसू फुटलं. तुम्ही वळला नाहीत. खडू चालू ठेवून म्हणालात, "हसा. शास्त्रात असतंय आकर्षण. गावात झालं की बैठक बसती." मग वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गाचे गुरुजी दारात येऊन बघून गेले. तुमचं असं होतं. घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दखनी, आणि तिन्ही भाषांत जीभ सारखीच तिखट. मला वाटतं मी ती जीभ तुमच्याकडूनच उचलली. पुढं तिच्यावर पोट भरलं, म्हणून हे कबूल करायला हरकत नाही. तुमचे नियम दोनच. प्रभाराचा गोल काढला की त्यात अधिक किंवा उणं काढायचंच. "चिन्ह न्हाई तर प्रभार न्हाई, नुसती भाकर हाय," म्हणून तुम्ही अख्खं उत्तर कापायचात. दुसरा नियम असा की चुकलेल्या उत्तरावर फुली मारून सोडायची नाही. चुकलेल्या शब्दाभोवती लाल वर्तुळ, वर बरोबर शब्द, बाजूला "पुन्हा लिही", आणि खाली तारीख. तारीख कामून, सर, असं मी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, "चूक कवा कळली ते बी कळाया पायजे."

आणि ती येळवस, म्हणजे वेळा अमावास्येचा शेतातला सण. तुमच्या शेतात आम्ही चार-पाच पोरं आलो होतो. तुमच्या घरच्या बाईंनी भज्जी केली होती, आंबील केलं होतं, ज्वारी छातीइतकी आलेली, आणि शेताच्या मधोमध कडब्याची कोप, आत लक्ष्मी मांडलेली. जेवणं झाली आणि तुम्ही त्या कोपीतूनच ज्वारीचा एक धांडा उपसला. बाई ओरडल्या, "अहो, कोप मोडाया लागली की! आत लक्ष्मी बसलीय." तुम्ही म्हणालात, "लक्ष्मीला बी वीज लागती." धांडा सोलून आतला पांढरा गाभा काढलात, नखानं त्याची वाटाण्याएवढी गोळी केलीत, बाईंच्या इरकलीच्या पदराचा एक रेशमी धागा न विचारता ओढलात आणि गोळी बाभळीच्या फांदीला टांगलीत. काचेची कांडी रेशमी रुमालावर घासून तिनं गोळीला शिवलंत. मग एका बाजूनं तीच कांडी धरलीत, दुसऱ्या बाजूनं घोंगडीवर घासलेला कंगवा. थंडीतली कोरडी हवा होती, कंगवा घासताना कटकट आवाज यायचा. गोळी सरळ कंगव्याकडं गेली. तुम्ही मला म्हणालात, "काय अक्का, काय दिसायलंय?" मी नववीतली पोर, तुम्ही मला अक्का म्हणायचात आणि सगळे त्यावर हसायचे. मी म्हणाले, "कंगवा ओढायलाय." "आन् कांडी?" "ढकलायलीय." "मग दोघांचं भांडण हाय का?" मी विचार केला आणि म्हणाले, "न्हाई सर. दोघं एकाच बाजूला न्यायलेत." तुम्ही खाली बसलात, आंबिलाचा तांब्या घेतलात आणि म्हणालात, "हेच ध्यानात ठिव. दोघं सारख्या जातीचे असले तर मधी उभारता येतंय, दोघं बी ढकलतेत आन् ढकलणं फिटतंय. पण दोघं विरुद्ध असले की मधी जागा न्हाई. एक ढकलतंय, एक ओढतंय, तुझं जाणं एकीकडंच." मी विचारलं, मग तिसऱ्यानं उभारायचं कुठं. तुम्ही म्हणालात, "भाईर. जो कमी ताकदीचा हाय त्याच्या पलीकडं. थोरलं लांबून ढकलतंय, धाकटं जवळून ओढतंय, तितं मेळ बसतोय. पण जरा वारा आला की गेलं." "आन् दोघं बी सारख्याच ताकदीचे असले तर?" तुम्ही तांब्या खाली ठेवलात. "भाईर उभारलं तर जवळचं जिंकतंय. मधी उभारलं तर दोघं मिळून जिंकतेत. मग कुठंच न्हाई, अक्का. काही जागा नसत्यातच."

मला त्या दिवशी पदार्थविज्ञान आवडलं. त्याआधी पास होत होते, इतकंच.

पुढच्या वर्षी परीक्षा आली. जिल्ह्यातल्या मराठी शाळांतून एक मूल निवडायचं आणि उन्हाळ्यात महिनाभर बेंगळूरला पाठवायचं, तिथल्या मोठ्या प्रयोगशाळेत. मूळ पेपर कन्नडात, मराठी भाषांतर इकडं झालेलं. मी तेव्हा बेंगळूर बघितलं नव्हतं, हैदराबादसुद्धा नाही. औरादचा बाजार आणि उदगीरला मामाचं घर, एवढीच माझी दुनिया होती. शेवटचा प्रश्न असा होता: समान मूल्याचे दोन विरुद्ध प्रभार काही अंतरावर ठेवले आहेत, तिसरा प्रभार कुठे ठेवल्यास समतोल राहील? सर, प्रश्न वाचून मला हसू आलं. आजूबाजूची पोरं नखं खात होती आणि मला समोर येळवसेची बाभळ दिसत होती. मी दोन गोल काढले, चिन्हं घातली, बाण दाखवले आणि खाली लिहिलं, कुठेच नाही. निकाल आला तेव्हा त्या उत्तराला शून्य होतं. बरोबर उत्तरांच्या यादीत लिहिलं होतं, दोहोंच्या मध्यबिंदूवर. त्या एका प्रश्नानं माझी जागा गेली. ती जागा भालकीकडच्या एका मुलाला मिळाली. तो पुढं काय झाला मला ठाऊक नाही, मधी कुठंतरी असेल.

मी वडिलांच्या बी-बियाणाच्या दुकानात जाऊन रडले. वडिलांना प्रभार म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण ते टोपी घालून शाळेत आले आणि म्हणाले, माझी पोरगी खोटं लिहीत न्हाई, एवढं मला कळतंय. अर्ज वर गेला. आठ दिवसांनी शिक्षण खात्याचे साहेब शाळेत आले. तुम्ही तेव्हा सहा वर्षांपासून प्रभारी मुख्याध्यापक होता. आम्ही पोरं चेष्टा करायचो की सरांवर प्रभार आहे पण चिन्ह नाही, म्हणजे कायमचा आदेश नाही. त्या आदेशावर सही त्याच साहेबांनी करायची होती, हे गावातल्या हॉटेलवाल्यालासुद्धा माहीत होतं. वडिलांना बाहेर व्हरांड्यात बाकावर बसवलं. आत साहेब, तुम्ही आणि मी. साहेबांनी माझा कागद बघितला, कंटाळून तुमच्याकडं सरकवला आणि कन्नडात म्हणाले, "नीवे हेळ्रि, मास्तर." तुम्हीच सांगा.

आता मी लिहिताना ते पुन्हा माझ्यासमोर घडतंय. तुम्ही उठता. खडू घेता. फळ्यावर दोन गोल काढता. मी वाट बघते की आता एकात अधिक, एकात उणं. तुमचा हात थांबतो, मग दोन गोलांच्या बरोबर मधी एक टिंब देता. चिन्हं घालतच नाही. दोन रिकाम्या भाकरी आणि मधी एक टिंब. "इथं," तुम्ही म्हणता, आणि साहेबांकडं बघून म्हणता, "पोरगी हुशार हाय, घाईत चुकली." मग माझ्याकडं वळून, तोच आवाज, तीच चेष्टेची हाक, "काय अक्का? मधी असतंय का न्हाई?"

इथून पुढची गोष्ट मी आजवर बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे. भाषणात सांगितली, मुलाखतीत सांगितली, एकदा तर लग्नात जेवणाच्या पंगतीत सांगितली. मी सांगते की मी फळ्याकडं बघत गप्प उभी राहिले, आणि ते दोन बिनचिन्हाचे गोल बघून मला कळलं की माणूस कसा विकला जातो. लोकांना हे फार आवडतं. दोन महिन्यांनी तुमचा आदेश आला, तुम्ही वर्गावर्गात पेढे वाटलेत, मीही खाल्ला. दहावीनंतर तुम्ही वडिलांच्या दुकानात येऊन बियाणाच्या पोत्यावर बसलात. म्हणालात, पोरीला सायन्सला घाला. मी आतूनच ओरडले, मला न्हाई जायचं. तुम्ही पाणीसुद्धा न पिता गेलात. मी उदगीरला कलेला गेले, मराठी घेतलं, आणि दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यावर लिहायचा धंदा धरला. इथले मराठीवाले म्हणतात बाई कन्नडवाल्यांची, कन्नडवाले म्हणतात मराठीवाल्यांची. मला त्याचं काही वाटत नाही, कारण मला उभारायची जागा तुम्ही येळवसेला दाखवून ठेवली होती: बाहेर, कमी ताकदीच्या पलीकडं, आणि वाऱ्याची भीती बाळगून. गंमत ही की जागा दाखवणारा माणूस स्वतः मधी जाऊन उभा राहिला, जिथं जागाच नसते.

इतकी वर्षं मी तुम्हाला भित्रा समजत होते, सर. भित्र्या माणसाला क्षमा करता येते. चूक वरच्यांची, तुम्ही फक्त मान डोलावली, अशी मी समजूत करून घेतली होती. तुम्ही गेलात तेव्हा मी मातीला आले होते. लांब उभी राहिले, पण आले.

आता पिशवीत काय निघालं ते सांगते. नोकरीचे कागद, एक मोडका कंगवा, आणि फुलस्केप कागदांची एक गड्डी. वरती कन्नड, खाली तुमच्या अक्षरात मराठी. त्या परीक्षेच्या पेपरचं भाषांतर तुम्ही केलं होतं. मी शेवटचं पान काढलं. कन्नड प्रश्नात लिहिलंय, एदुरुबदुरु इट्ट एरडु सम आवेश. आवेश म्हणजे कन्नडात प्रभार. आपल्याकडं आवेश म्हटलं की अंगात आल्यासारखं वाटतं. आणि एदुरुबदुरु म्हणजे समोरासमोर. समोरासमोर ठेवलेले दोन समान प्रभार. विरुद्ध नव्हेत, समोरासमोरचे, दोन्ही एकसारखे. त्याचं उत्तर खरंच मध्यबिंदू. यादी बरोबर होती. प्रश्न तुम्ही चुकवला होता. एदुरु हा शब्द कन्नडात समोरच्या घरालाही लावतात आणि लढतीत पुढं उभ्या असलेल्यालाही. तुम्ही घाईत दुसरा अर्थ धरलात आणि मराठीत विरुद्ध लिहून मोकळे झालात. असली चूक पुण्याच्या माणसाच्या हातून होणार नाही, म्हैसूरच्याही होणार नाही. ती करायला दोन्ही भाषांत जन्म काढावा लागतो.

मला कळतंय तुम्ही का बोलला नाहीत. आपल्यातले मराठीवाले म्हणाले असते, सरांनी आपल्याच पोरांचा पेपर बिघडवला. साहेब म्हणाले असते, घरात कन्नड बोलतो आणि एदुरु कळत नाही. एकानं ढकललं असतं, एकानं ओढलं असतं, आणि आदेश गेला असता. मला हे सगळं कळतं आणि म्हणूनच जास्त राग येतो. साहेबांसमोर तुम्ही वरच्यांना वाचवत नव्हता. तुम्ही स्वतःचा एक शब्द वाचवत होता, आणि त्याची भरपाई एका पोरीच्या बरोबर उत्तरानं केलीत. ज्या उत्तरासाठी तुम्ही स्वतः लक्ष्मीची कोप मोडली होती.

त्या पानावर आणखी एक गोष्ट आहे. विरुद्ध या शब्दाभोवती लाल वर्तुळ. वर तुमच्याच अक्षरात, समोरासमोर. बाजूला, पुन्हा लिही. खाली तारीख नाही. तुम्ही कधी तारीख सोडली नाहीत, त्या एका ठिकाणी सोडलीत. त्यामुळं ही चूक तुम्हाला पेपर छापायच्या आधी कळली, साहेब यायच्या आधी कळली, की पेढे वाटल्यावर, हे मला कधीच समजणार नाही. मी कागद उजेडाला धरला, शाई फिकी पडलीय का बघितलं. काय शोधत होते कोण जाणे. तुम्ही स्वतःला लिहिलंत पुन्हा लिही, आणि लिहिलं नाहीत.

आता सुनेचं वाक्य. दारात चप्पल घालताना ती म्हणाली, "अप्पा तुमचं लई सांगायचे. म्हणायचे, साहेबापुढं बी ही पोरगी हलली न्हाई. मी मधी म्हणलो, ती तोंडावर म्हणली, कुठंच न्हाई सर. आमच्या लेकरांना सांगायचे, असं ऱ्हावं म्हणून." मी विचारलं, "असंच म्हणायचे? कुठंच न्हाई म्हणली म्हणून?" "व्हय की. डोळ्यांत पाणी यायचं त्यांच्या."

सर, त्या खोलीत आपण तिघंच होतो. साहेबाला मराठी जेमतेम येत होतं आणि त्याला जेवायला जायची घाई होती. म्हणजे खरं काय झालं ते तुम्हाला आणि मलाच माहीत. तुम्ही विचारलंत, मधी असतंय का न्हाई. मी फळ्यावरचे दोन रिकामे गोल बघितले, चिन्हं नाहीत हे बघितलं, तुम्ही मुद्दाम घातली नाहीत हेही बघितलं. आणि म्हणाले, "व्हय सर. मधी." स्पष्ट म्हणाले. बाहेर आल्यावर वडिलांनी बाकावरून उठत विचारलं, काय ठरलं, तर त्यांनाही म्हणाले, "त्यांचंच बरोबर हाय." वडील टोपी काढून परत घालत म्हणाले, "मग मधीच असतंय व्हय," आणि आम्ही घरी आलो. अर्ज करायला आलेला तो माणूस पुढं मरेपर्यंत समजत राहिला की त्याच्या पोरीनं चुकीचं लिहिलं होतं.

मी लोकांना सांगितलं गप्प राहिले. तुम्ही घरात सांगितलंत की मी हलले नाही. तुमचं खोटं माझ्या खोट्याहून मोठं निघालं, आणि माझ्या बाजूचं निघालं. ते तुम्ही मला दिलंत की तुमच्या मनाला दिलंत, हेही आता विचारता येणार नाही. मला तुमच्यावर चिडून राहायचं होतं, अजूनही आहे. पण चिडायला उभं कुठं राहायचं ते कळेना.

स्मरणिकेचं पान मी काल लिहून ठेवलंय. गोड झालंय, समितीला आवडेल. येळवस आहे, कोप आहे, लक्ष्मीला बी वीज लागती आहे. साहेबांच्या भेटीबद्दल एकच ओळ आहे: "मी तेव्हा गप्प राहिले." तुमच्या चुकीबद्दल काही लिहिलेलं नाही. उद्या संध्याकाळी माणूस पान न्यायला येईल. तुमचं लाल पेन पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, मी झाकण काढून बघितलं, शाई वाळलीय. माझं लाल पेन टेबलाच्या खणात आहे, चांगलं चालतं. त्या एका ओळीभोवती वर्तुळ काढायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. सकाळपासून खण उघडलेला नाही.